उलटा काटा

सोमवारी उद्यमनगर बंद.
कानातून लेथचा आवाज उतरायला
कळंब्यापर्यंतचा रस्ता पुरतो.

सायकलच्या दांडीला रॉड, डब्यात भाकरी-खर्डा,
खिशात एक रबरी बेडूक, तीनशे साठ रुपयांचा.
बायको विचारते, एवढ्यात मंडईतून
किती मासे येतात, हिशेब केलाय कधी?
केलाय. म्हणून तर सांगत नाही.

गळ मात्र दस्तगीरचाचांच्या हातचे.
शिकलगार. तीन पिढ्यांनी सुऱ्या-कात्र्यांना धार लावली
आणि म्हातारपणी यांना उलटाच नाद:
दुकानातला कोरा गळ पकडीत धरायचा,
कानशीनं त्याचा उलटा काटा घासून टाकायचा,
मग कापसावर ओढून बघायचा.
धागा अडकला, की पुन्हा कानस.
मी म्हणालो, चाचा, अशानं मासा सुटतो की.
"सुटू दे की.
तंगूस ढिला सोडलास, तरच सुटतोय.
तुझ्या हाताची चूक
काट्यानं का भरून काढायची?"

श्रावण तोंडावर आलेला. पेठेत सगळे
मटण-मासळीच्या मागे.
मीही घरी शब्द देऊन आलो होतो, या वेळी नक्की.

शेवाळाच्या खिडकीत, काठापासून वीसेक फुटांवर
रश्श्यावर कट तरंगावा तसा
एक तांबूस डाग सरकत होता.
सरकत होता, थांबत होता, श्वास घेत होता.
मी विचार केला नाही.
बेडूक पलीकडे टाकला,
दोनदा खुडबुडवला,
आणि पाणी फुटलं.

चकातून जॉब सुटावा तसा
हिसका थेट खांद्यापर्यंत.
रॉड कमानीगत वाकला, रीळ ओरडलं,
मी तंगूस ढिला सोडला नाही, एकदाही नाही,
आणि काठावर आली
दंडाएवढी, तेल चोपडल्यासारखी काळी मरळ.
चाचा, दीड किलो! दीड तरी!

चाचा तिच्याकडे बघतच नव्हते.
डागाकडे बघत होते.
डाग फाटला होता.
काडीएवढी पिल्लं, शेकड्यांनी,
वर यायची, हवेचा घोट घ्यायची, भलतीकडेच जायची,
आणि कडेकडेनं चिलापी येत होत्या,
काही घाई नसल्यासारख्या,
पंगतीला बसायला याव्यात तशा.

"भूक लागली म्हणून न्हवतं धरलं तिनं," चाचा म्हणाले,
"तू उंबऱ्यात पाय टाकलास, म्हणून."

मग भराभर: हात वले कर आधी.
पोटाखाली धर. कल्ल्यात बोट घालू नको.
गळ निघाला
काजातून बटण निघावं तसा.

गुडघाभर पाण्यात तिला धरून उभा राहिलो.
दिवसभर मायक्रॉन मोजणारा माणूस मी,
मोजत होतो तिचं तोंड उघडणं, मिटणं, उघडणं.
मनगटावर शेपटीचा एक फटका बसला,
आणि हातात नुसती बुळबुळ राहिली.

डागाकडे गेली का ती?
बराच वेळ बघत राहिलो.
एकदा तांबूस काहीतरी हललं.
एकदा चिलापी उडाल्या.
नक्की असं काही सांगता येत नाही.
चाचा तोवर बाभळीत अडकलेला
कुणा परक्याचा तंगूस सोडवत बसले,
वीतभर वीतभर, बोटाला गुंडाळत.
पाणबगळ्याच्या पायाला लागतो, म्हणाले, आणि
परत येईस्तोवर दुसरं काही बोलले नाहीत.

घरी बायकोनं पिशवी उघडून पाहिली,
मग माझा हात नाकाशी नेला.
वास तर येतोय, म्हणाली.
कांदा चिरायला घेतलेला तसाच झाकून ठेवला.

आता जेवणाच्या सुट्टीत, मशीन थंड होताना,
मी खिशातून कोरा गळ काढतो.
अठरा वर्षं जॉबच्या कडांची बर काढतोय,
हे काम मला सोपं जायला हवं.
घासतो, फुंकर मारतो,
कापसावर ओढून बघतो.

धागा अजून अडकतोय.